हरवलेल्या जगाची गाणी : एका श्रवणसत्राच्या प्रकल्प नोंदी

२६ सप्टेंबर २०२४, गुरुवार

द क्युअर या इंग्रज बँडचे ‘अलोन’ हे गाणे आज प्रसिद्ध झाले. या बँडचा मागचा अल्बम ऑक्टोबर २००८ मध्ये आला होता, म्हणजे नव्या गाण्यासाठी श्रोत्यांना सोळा वर्षे थांबावे लागले. ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हा संपूर्ण अल्बम १ नोव्हेंबरला येणार असल्याचेही जाहीर झाले आहे. इंग्लंडमधील क्रॉली या गावात, जिथे या मुलांनी सुरुवातीच्या दिवसांत कार्यक्रम केले होते त्या पबबाहेर, रोमन अंकांत हीच तारीख छापलेले भित्तिपत्रक काही दिवसांपूर्वी लागले होते.

डिसेंबरचे श्रवणसत्र या अल्बमवर घ्यावे, अशी सूचना मी मंडळाच्या गटावर मांडली आणि ती मान्य झाली. आमच्या मंडळात नाट्यसंगीत, जुनी भावगीते आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ऐकणारी मंडळी अधिक आहेत. या बँडच्या संगीताला लावले जाणारे पोस्ट-पंक किंवा ड्रीम-पॉप हे शब्द त्यांतल्या बहुतेकांनी कधी ऐकलेले नसतील. सत्राची आखणी आणि आठ पानांची टिपणपत्रिका ही दोन्ही कामे मी घेतली आहेत.

२९ सप्टेंबर

घड्याळ समोर ठेवून ‘अलोन’ सात वेळा ऐकले. गाण्याची एकूण लांबी ६ मिनिटे ४८ सेकंद आहे आणि बँडचे गायक रॉबर्ट स्मिथ यांचा आवाज पहिल्यांदा येतो तो तीन मिनिटे उलटून गेल्यावर. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपत असे. म्हणजे आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या तबकडीची जवळजवळ पूर्ण बाजू वाजून जाईल एवढा वेळ या गाण्यात गायक गातच नाही. पत्रिकेत ही तुलना अवश्य घ्यायची, कारण भावगीताच्या सुरुवातीच्या वीस-तीस सेकंदांच्या म्युझिक पीसची सवय असलेल्या कानाला इथे नेमके काय वेगळे घडते आहे, ते तिच्यामुळे लगेच कळेल.

पहिल्या मसुद्यात या भागाला मी ‘आलाप’ म्हटले होते आणि संध्याकाळी तो शब्द खोडला. आलापात राग हळूहळू उलगडतो, एकेक स्वर नव्याने समोर येतो आणि ऐकणाऱ्याला पुढच्या स्वराची ओढ लागते. ‘अलोन’मध्ये सगळे स्वर पहिल्या फेरीतच समोर येतात. तीच स्वरसंगती पुन्हा पुन्हा फिरते, ड्रम्सचा जड आणि संथ ठेका बदलत नाही, आणि प्रत्येक फेरीत बदलते ती फक्त दाटी. योग्य शब्द अजून सापडलेला नाही.

९ ऑक्टोबर

दुसरे गाणे, ‘अ फ्रॅजाइल थिंग’, प्रसिद्ध झाले. लांबी ४ मिनिटे ४३ सेकंद. यात सायमन गॅलप यांची बेस गिटार पुढे आहे. नवख्या श्रोत्याला हे गाणे सर्वांत लवकर जवळचे वाटेल, असे माझे मत आहे.

१३ ऑक्टोबर

दसऱ्याची गडबड कालच आटोपल्यामुळे आज बँडची पार्श्वभूमी सांगणारे पान लिहून पूर्ण केले. पहिला अल्बम १९७९ चा. त्यानंतर १९८० ते १९८२ या काळात लागोपाठ तीन अल्बम आले आणि ते एकापेक्षा एक काळोखे होत गेले. पुढे याच बँडने रेडिओवर सतत वाजणारी हलकीफुलकी गाणीही केली. १९८९ मध्ये स्मिथ तिशीला पोहोचत असताना आलेला ‘डिसइंटिग्रेशन’ हा त्यांचा सर्वांत मोठा अल्बम ठरला आणि ड्रीम-पॉप ऐकणारे आजही तो आपलाच मानतात. नवा अल्बम क्रमाने चौदावा आहे. इतक्या वर्षांत वादक येत-जात राहिले आणि पहिल्यापासून अखंड टिकलेले एकटे स्मिथच. गॅलप १९७९ च्या अखेरीस आले, मध्ये काही वर्षे बाहेर राहिले आणि परतले. ड्रम्सवर १९९५ पासून जेसन कूपर आहेत. कीबोर्ड वाजवणारे रॉजर ओ’डॉनेल ‘डिसइंटिग्रेशन’च्या वेळीही होते. पूर्वी डेव्हिड बोवी यांच्याबरोबर वाजवणारे गिटारवादक रीव्ह्ज गॅब्रेल्स २०१२ मध्ये आले आणि स्टुडिओत झालेल्या क्युअरच्या अल्बमवर ते या वेळी प्रथमच ऐकू येणार आहेत.

एवढी नावे एका पानावर दाटली की वाचणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. मात्र एक गोष्ट ठळक करावीशी वाटते : या अल्बममधील आठही गाणी स्मिथ यांनी एकट्याने रचलेली आहेत, आणि असे १९८५ नंतर प्रथमच घडले आहे.

२० ऑक्टोबर

पोस्ट-पंक आणि ड्रीम-पॉप यांना मराठी प्रतिशब्द शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि शेवटी हेच शब्द देवनागरीत ठेवायचे ठरवले. व्याख्या देण्याऐवजी कोणते वाद्य काय काम करते, एवढेच सांगायचे.

पोस्ट-पंकमध्ये बेस गिटार नुसता खर्ज भरत नाही. धून तीच चालवते आणि गिटार तिच्या अवतीभोवती जागा सोडून वाजते. त्यामुळे गाणे रिकामे, थंड आणि ताठ वाटते. ड्रीम-पॉपमध्ये याच्या उलट ती जागा भरून काढली जाते. गिटारचा स्वर कोरस, डिले आणि रिव्हर्ब या स्वर दुणावणाऱ्या, प्रतिध्वनी देणाऱ्या आणि घुमवणाऱ्या करामतींतून इतका पसरवला जातो की बोटाने तार छेडल्याचा क्षण ऐकूच येत नाही, आणि आवाज त्या पसरलेल्या स्वरांच्या आत कुठेतरी बुडालेला असतो. क्युअरचे वैशिष्ट्य असे की त्यांच्याकडे खाली पोस्ट-पंकचा बेस आणि वर ड्रीम-पॉपचे धुके, दोन्ही एकाच वेळी असतात. स्मिथ स्वतः सहा तारांची बेस गिटारही वाजवतात. तिचा स्वर नेहमीच्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली असतो, त्यामुळे खालचा आणि वरचा हे दोन्ही थर तिच्यामुळे एकमेकांना जोडले जातात.

मात्र स्मिथ यांचा आवाज बुडत नाही, आणि इथेच ते ड्रीम-पॉपपासून वेगळे होतात. शब्द स्पष्ट ऐकू येतात. आज वयाच्या ६५ व्या वर्षीही तो आवाज जवळजवळ तसाच आहे, याचे मला मनापासून आश्चर्य वाटते.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

अल्बम आला. पहाटे साडेचारला, घरात कुणी उठण्याआधी, पूर्ण ऐकला. आठ गाणी, ४९ मिनिटे १३ सेकंद. मध्ये थांबले नाही आणि काही लिहूनही घेतले नाही.

दुपारी दुसऱ्यांदा ऐकताना केलेल्या नोंदी : शेवटचे गाणे, ‘एंडसाँग’, १० मिनिटे २३ सेकंदांचे असून त्यात आवाज येण्याआधी सहा मिनिटांहून अधिक काळ जातो. ‘वॉरसाँग’ची सुरुवात पेटीच्या भात्यातून निघावा तशा लांबलेल्या स्वराने होते. ‘ड्रोन : नोड्रोन’ सर्वांत कर्कश आहे आणि अल्बमच्या मध्यावर त्याची गरज आहे, अन्यथा पुढचे सहावे गाणे इतके मोकळे आणि हळवे वाटले नसते. ध्वनिमुद्रणाचा खालचा भाग फार दाट भरला आहे आणि काही ठिकाणी ड्रम्स व बेस एकमेकांत मिसळतात. हा दोष मुद्रणाचा की माझ्या हेडफोनचा, ते बाहेर फटाके वाजत असताना ठरवणे योग्य नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा

लंडनमधील ट्रॉक्सी या सभागृहातला बँडचा कार्यक्रम काल तिथे रात्री आठला सुरू झाला आणि त्याचे थेट प्रक्षेपण झाले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. संपूर्ण नवा अल्बम त्यांनी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत त्याच क्रमाने वाजवला आणि त्यानंतर जुनी गाणी घेतली. एकूण ३१ गाणी, सुमारे तीन तास.

सत्राच्या दृष्टीने एक गोष्ट टिपून ठेवते. ‘अलोन’च्या सुरुवातीच्या तीन मिनिटांत स्मिथ मंचावर असूनही गात नव्हते. ते माइकपाशी उभे राहून सभागृहाकडे पाहत होते. ध्वनिमुद्रणात ही तीन मिनिटे गायकाच्या अनुपस्थितीची वाटतात. मंचावर पाहताना मात्र गाणारा माणूस आधीपासूनच तिथे आहे आणि तोही आपल्यासारखाच ऐकतो आहे, हे दिसले.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

धाकटा भाऊ नागपूरहून आला आहे. ओवाळणी झाली, जेवणे झाली, आणि तो सोफ्यावर पडला असताना मी सहावे गाणे लावले. त्याला इंग्रजी गाण्यांची फारशी आवड नाही. मी काहीही सांगितले नव्हते. ढगांच्या गडगडाटानंतर पियानोची ती साधी, पुन्हा पुन्हा येणारी धून सुरू झाली. गाणे अर्ध्यावर आले तेव्हा त्याने विचारले, “ताई, कुणी गेलंय का याचं?” मी म्हटले, “भाऊ. थोरला.” पुढे तो काही बोलला नाही. गाणे संपेपर्यंत उठलाही नाही.

‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे गाणे स्मिथ यांनी आपले थोरले बंधू रिचर्ड यांच्या मृत्यूवर रचले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये पोलंडमधील क्राकूव्ह येथे ते पहिल्यांदा मंचावर सादर झाले. पत्रिकेच्या मसुद्यात ही माहिती गाण्याच्या आधी वाचायची म्हणून दिली होती. आज दुपारनंतर ते बरोबर वाटत नाही. गाणे कुणाचे आहे हे भावाला माझ्या सांगण्याआधीच कळले होते, आणि आधी सांगितले असते तर ते कळण्याची संधी मी त्याच्याकडून काढून घेतली असती.

९ नोव्हेंबर

ब्रिटनच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत हा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला. १९९२ नंतर या बँडला हे स्थान प्रथमच मिळाले. पत्रिकेत एक ओळ पुरे.

१७ नोव्हेंबर

अनुवादाची अडचण. ‘अलोन’चा उगम अर्नेस्ट डॉसन या इंग्रज कवीच्या ‘ड्रेग्ज’ या कवितेत आहे. डॉसन १८६७ मध्ये जन्मले आणि १९०० मध्ये, जेमतेम बत्तीस वर्षांचे असताना वारले. स्मिथ यांनी सांगितल्यानुसार या गाण्याला सुरुवात सापडत नव्हती. ही कविता आठवली आणि त्यानंतर गाणे व त्याबरोबर सगळा अल्बमच खरा वाटू लागला. शीर्षकाचा अर्थ मद्याच्या पेल्याच्या तळाशी उरलेला साका. मी आधी ‘गाळ’ लिहिले होते, पण गाळ म्हटले की डोळ्यांसमोर विहीर किंवा धरण येते. ‘साका’ हा शब्द आजच्या वाचकाला कितपत कळेल याची शंका असली, तरी तोच ठेवते. आमच्या आजीच्या बोलण्यात तो तुपाच्या भांड्यापासून काढ्यापर्यंत सगळीकडे येत असे, आणि पिऊन झाल्यावर जे तळाशी राहते तेच या गाण्यात अभिप्रेत आहे. अल्बमचे पहिलेच गाणे सगळ्या गाण्यांच्या शेवटाविषयी बोलते, हे यानंतर वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

संध्याकाळी तबकड्यांचे संग्राहक असलेल्या काकांकडे गेले. सत्रासाठी टर्नटेबल त्यांचाच वापरायचा आहे. वय ७४, तरुणपणी दहा-बारा वर्षे तबल्याची तालीम घेतलेली. ‘एंडसाँग’ त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “हा तर लेहरा आहे गं.” मी महिनाभर जो शब्द शोधत होते तो हाच. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर किंवा सारंगीवर एकच लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी छोटी धून, शांतपणे फिरत राहतो, तो बदलत नाही म्हणूनच इतर सगळे बदल ऐकू येतात. ‘एंडसाँग’ची स्वरसंगती नेमके तेच काम करते. कूपर यांचे जड ड्रम्स, एकावर एक चढत जाणाऱ्या गिटार, कीबोर्डवरचे तंतुवाद्यांचे थर, हे सगळे त्या फिरणाऱ्या आवर्तनाच्या आधाराने दाटत जाते आणि सहा मिनिटांनी येणारा आवाजही त्याच आवर्तनात सामील होतो. तुलना इथपर्यंतच चालते, कारण तबलावादक लेहऱ्यावर सतत नवे काही मांडतो आणि इथे ठेकाही फिरून तोच येतो. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग लिही तसं. जिथवर जुळतं तिथवरच लिही.”

२६ नोव्हेंबर

परदेशातून मागवलेली तबकडी आली. मुखपृष्ठावर स्लोव्हेनियाचे शिल्पकार यानेझ पिर्नात यांचे १९७५ चे शिल्प आहे. काळोखात तरंगणारे, अर्धवट घडवलेले दगडी मस्तक. ते ओबडधोबड आहे आणि तरी चेहरा ओळखू येतो.

पहिल्या बाजूला चार गाणी, २२ मिनिटे ४१ सेकंद. दुसऱ्या बाजूला चार, २६ मिनिटे ३२ सेकंद. बाजू उलटण्याची जागा ‘ड्रोन : नोड्रोन’च्या आधी येते, हे सोयीचे आहे.

काकांच्या टर्नटेबलवर ‘एंडसाँग’ लावले आणि स्वर किंचित चढा वाटला. मोजले तर १० मिनिटे १२ सेकंद भरले, म्हणजे ११ सेकंद कमी. वेग सुमारे पावणेदोन टक्क्यांनी जास्त आहे आणि त्यामुळे स्वर अर्धस्वराच्या जवळजवळ एक-तृतीयांश चढला आहे. इतर कुठल्या अल्बमला मी हे चालवून घेतले असते. इथे ठेक्याचा संथपणा हाच आशय आहे, त्यामुळे चालणार नाही.

१ डिसेंबर

वेग दुरुस्त झाला. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांची स्ट्रोबची, म्हणजे लुकलुकत्या उजेडात वेग तपासण्याची, चकती छापून घेतली. दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे वेग अचूक असेल तर रेघा स्थिर दिसतात. घरातल्या एलईडी दिव्याखाली त्या स्पष्ट दिसेनात, म्हणून काकांनी माळ्यावरून जुन्या नळीचा दिवा काढला. रेघा पुढे सरकत होत्या. टर्नटेबलच्या मोटरजवळचा वेगाचा स्क्रू बारीक पेचकसाने अंशाअंशाने फिरवला, तेव्हा त्या थांबल्या. ‘एंडसाँग’ पुन्हा मोजले : १० मिनिटे २३ सेकंद.

८ डिसेंबर

आज मोठा बदल केला. मूळ आखणीत प्रत्येक गाण्याआधी तीन-चार मिनिटांचे निवेदन होते. ते सगळे काढले. भाऊबीजेपासून ही गोष्ट मनात घोळत होती. जो अल्बम श्रोत्याला तीन मिनिटे, सहा मिनिटे शब्दांवाचून थांबायला लावतो, त्याच्या प्रत्येक गाण्याआधी मी बोलत राहिले, तर ते थांबणे श्रोत्यांच्या वाट्याला येणारच नाही. आता सुरुवातीला पाच मिनिटांत बँडचे नाव, बेस आणि गिटारचे काम, ७८ फेऱ्यांच्या तबकडीशी तुलना आणि लेहरा, एवढेच सांगायचे. मग दोन्ही बाजू सलग. पत्रिका शेवटी वाटायची आणि ती आठऐवजी चार पानांची.

त्या चार पानांत राहिलेला मजकूर असा : रॉकफिल्ड स्टुडिओ, म्हणजे वेल्समधील मॉनमथजवळची शेतघरे आणि गोठे यांतून उभी राहिलेली जागा, जिथे हे ध्वनिमुद्रण २०१९ मध्ये झाले. स्मिथ यांचे सहनिर्माते पॉल कॉर्केट, जे २००० सालच्या ‘ब्लडफ्लॉवर्स’वरही होते. डॉसन यांची कविता. रिचर्ड. अखेरच्या क्षणी सोबत असेन, असे स्मिथ यांनी एका व्यक्तीला दिलेले आणि पाळता न आलेले वचन, ज्यातून अल्बमच्या क्रमातले दुसरे गाणे, ‘अँड नथिंग इज फॉरएव्हर’, आले. आणि ‘एंडसाँग’मागची रात्र : माणूस चंद्रावर उतरला त्या जुलै १९६९ मध्ये दहा वर्षांचे स्मिथ वडिलांबरोबर बागेत उभे राहून चंद्राकडे पाहत होते, आणि पन्नास वर्षांनी पुन्हा तसेच बाहेर उभे असताना त्यांना ती रात्र आठवली.

वादकांच्या नावांचे पान वगळताना वाईट वाटले. गॅलप यांच्याविषयीचा परिच्छेद तरी ठेवला आहे.

१५ डिसेंबर, रविवार

सत्र झाले. २३ जण आले. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुई टेकवली. ‘अलोन’च्या दुसऱ्या मिनिटाला दोघे-तिघे अस्वस्थ झाले, एकाने मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. आवाज आला तेव्हा मागच्या रांगेतून “आला!” असे कुणीतरी हळूच म्हणाले. ‘वॉरसाँग’च्या सुरुवातीचा तो लांबलेला स्वर ऐकून काकांनी माझ्याकडे पाहिले आणि बोटांनी भाता हलवल्याची खूण केली.

बाजू उलटताना कुणी उठले नाही. ‘ड्रोन : नोड्रोन’ काहींना त्रासदायक झाले, ते त्यांनी नंतर स्पष्ट सांगितले आणि मला ते मान्य आहे. ‘एंडसाँग’ला सहा मिनिटे आवाज आला नाही, पण या वेळी कुणी त्याची वाट पाहताना दिसले नाही.

पत्रिका वाटल्यावर पाच-सात मिनिटे सगळे वाचत बसले. मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासद असलेल्या मावशींनी तिसरे पान वाचून चष्मा काढला आणि विचारले, “ते भावाचं कुठलं? पियानोचं ना?” मी होय म्हटले. “ते परत लावता येईल का?” काकांनी दुसऱ्या बाजूवरच्या दुसऱ्या गाण्याची फट पाहून सुई ठेवली. ६ मिनिटे ३ सेकंद. सुई उचलली तेव्हा पावणेसात वाजले होते.

१७ डिसेंबर

पत्रिकेतील दोन दुरुस्त्या : पहिल्या पानावरील ‘लहरा’ बदलून काकांच्या उच्चाराप्रमाणे ‘लेहरा’ करणे, आणि ‘साका’ या शब्दाखाली दिलेले स्पष्टीकरण काढून टाकणे, कारण तो सगळ्यांना कळला. सत्राला येऊ न शकलेल्या नऊ जणांना प्रत पाठवताना, आधी अल्बम ऐकावा आणि मग वाचावे, एवढी एक ओळ वर लिहिली आहे. स्ट्रोबची चकती काकांकडेच ठेवली.